निओह 2: एनेन्रा बॉसवर अडकलोय, मदत हवी आहे

पीएस4 वर निओह 2 हा तलवारबाजीचा गेम खेळतोय. दुसऱ्या मुख्य मिशनचा बॉस (शेवटचा मोठा शत्रू) एनेन्रा काही केल्या हरत नाही. पहिला निओह (2017) पूर्ण केलाय, त्यामुळे ‘की’ (दम) वारानंतर पटकन परत मिळवायचा की पल्स आणि हाय, मिड, लो हे तिन्ही स्टान्स (लढायचे पवित्रे) हाताला बसलेत. लढाईत हा भाग पहिल्यापेक्षा सरस वाटतो. लूटचा ढीग मात्र तसाच, मिशन संपलं की निम्मा वेळ तलवारी विकण्यात जातो.

अडचण बर्स्ट काउंटरची, म्हणजे शत्रूचा लाल चमकणारा जोरदार हल्ला परतवायच्या चालीची आहे. एनेन्रा लाल चमकला की मी आर2 आणि सर्कल दाबतो, पण दरवेळी उशीर होतो. सोबतचा रक्षक आत्मा (ज्याच्या प्रकारावर हा काउंटर ठरतो) फेरल प्रकारचा घेतलाय. त्यात आजूबाजूला डार्क रिल्म (दम हळू भरणारा अंधारा भाग) पसरलं, तर ‘की’ भरायला वेळ लागतो, आणि तो वावटळ होऊन अंगावर आला की पळायलाही दम उरत नाही.

लेव्हल वाढवून पाहिली, हलकं चिलखत घालून पाहिलं, लो स्टान्समध्ये नुसतं टाळत राहूनही पाहिलं. हत्यार ओडाची (लांब, जड तलवार), ते शक्यतो बदलायचं नाही. पीएस प्लस (ऑनलाइन खेळायचं सदस्यत्व) नाही, म्हणून ऑनलाइन कुणाला बोलावता येत नाही. रात्री लोकलने घरी पोहोचल्यावर जेमतेम तासभर मिळतो, तेव्हा लेव्हलसाठी तीच मिशनं पुन्हा खेळा असं कृपया सांगू नका.

आत्म्याच्या फँटम प्रकारात काउंटर गार्डसारखा (वार अडवल्यासारखा) लागतो. ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी सांगा, एनेन्रासाठी फँटमचं टायमिंग खरंच सोपं पडतं, की फेरलच ठेवून काउंटर नेमका कोणत्या हालचालीला दाबायचा?