‘स्त्रीवाद’ या शब्दातली स्त्री कोण?

लालबागची

जरा मदत हवी आहे. ८ मार्चच्या आधीच्या रविवारी करी रोडला एका चाळीच्या पटांगणात घरकामगार बायकांची सभा आहे आणि तिचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात आलंय. मूळ मजकूर इंग्रजीत. फेमिनिझम, रेस, क्लास, इंटरसेक्शनॅलिटी (म्हणजे वंश, वर्ग, जात, बाईपण यांचे अन्याय एकाच बाईवर एकदम येणं), सगळं ठासून भरलेलं. मी पहिल्याच ओळीत ‘स्त्रीवाद’ लिहिलं आणि कच्चा खर्डा चौघींना वाचून दाखवला. त्यातली सगळ्यात मोठी मावशी म्हणाली, “स्त्रीवाद म्हणजे बायकांची भांडणंच ना? ती आमच्या नळावर रोज सकाळी असतात. त्याला पत्रक कशाला छापायला पाहिजे?”

हसून झालं. मग तिनं विचारलं, “यात सारखं स्त्री-स्त्री लिहिलंय, ती मी की आमची मॅडम?” यावर मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून डोक्यात शब्दच फिरतायत. बोलताना आपल्यापैकी कोण ‘स्त्री’ म्हणतं? शाळेत शिकवते ती बाई आणि घरी भांडी घासते तीही बाई. पण पहिलीला आपण ‘बाई’ अशी हाक मारतो आणि दुसरीला ‘लावतो’. नळ लावावा, दिवा लावावा, तशी भांड्याला बाई लावायची. (‘ठेवली’ म्हटलं तर भलताच अर्थ होतो.) २००८ च्या कायद्यानं तिला ‘घरेलू कामगार’ केलं, पण तो शब्द हिंदीतून उचललेला, तोंडात बसत नाही. तर ‘स्त्रीवाद’ला या बायकांना आपला वाटेल असा शब्द आहे का? आणि त्या इंटरसेक्शनॅलिटीचं काय करू?

कोशप्रेमी

मावशींनी फोड चुकीची केलेली नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी दोघांनी केलेली चर्चा तो वाद, जिंकण्यापुरता केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. वितंडवाद तिथूनच आला. आपल्या बोलण्यात तिघांचं मिळून एकच भांडण झालं, त्याला मावशी काय करणार!

मार्क्सवाद म्हणजे मार्क्सचं मत हे उघड आहे. पण स्त्रीवाद म्हणजे स्त्रीनं मांडलेलं मत, की स्त्रीविषयी मांडलेलं? समास दोन्ही बाजूंनी सुटतो. मूळ शब्द फ्रेंच, एकोणिसाव्या शतकातला. इंग्रजीत तो १८९० च्या दशकात रुळला. म्हणजे ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली, तेव्हा तिकडेही त्याचा फारसा वावर नव्हता. मुंबईत १९७५ च्या सुमाराला चळवळीच्या तोंडी ‘स्त्रीमुक्ती’ होता, इथल्या एका संघटनेचं नावच स्त्री मुक्ती संघटना. त्या शब्दाची टिंगल भरपूर झाली, ‘स्त्रीमुक्तीवाली’ ही तर जवळजवळ शिवीच. तरी ‘मुक्ती’ म्हटल्यावर ‘कशापासून?’ हा प्रश्न आपोआप यायचा. ‘वाद’ म्हटल्यावर येत नाही.

इंटरसेक्शनॅलिटीला ‘आंतरछेदिता’ वापरलेलं पाहिलंय. भूमितीच्या वहीचा वास येतो.

चौथी सीट

लोकलनं हा प्रश्न कधीच सोडवलाय. ‘महिला’. फर्स्ट क्लासच्या डब्यावरही महिला, सेकंडच्या डब्यावरही महिला. मध्ये फक्त जाळी. जाळीतून एकमेकींच्या पर्सा आणि कोथिंबिरीच्या जुड्या बघत दोघी बोरिवलीपर्यंत जातात.

मुळाक्षर

‘रेस’ला वंश लिहा, वर्ण नको. वर्णभेद म्हटलं की आपल्याकडे आधी चातुर्वर्ण्य उभं राहतं आणि पत्रक दुसरीकडेच जातं.

अमेरिकेतली गोष्ट घेणार असाल तर सोजर्नर ट्रूथ यांची घ्या, कारण तिच्यात शब्दांचाच घोळ आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाई १८५१ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला स्त्रीहक्कांच्या परिषदेत बोलल्या. त्या भाषणातली “मी बाई नाही का?” ही ओळ जगभर गेली. पण त्याच वर्षी वर्तमानपत्रात आलेल्या वृत्तांतात ती ओळ नाही. ती येते बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, एका गोऱ्या कार्यकर्तीनं लिहिलेल्या आठवणीत. तिनं ट्रूथ यांच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची बोली घातली. ट्रूथ होत्या न्यूयॉर्क राज्यातल्या, आणि लहानपणी बोलायच्या डच! आपल्या नाटकांत मोलकरीण आली की ती कुठल्याही गावची असो, एकच ठरावीक ‘गावठी’ बोलते, त्यातलाच प्रकार.

आता मराठी करताना बघा. “मी स्त्री नाही का?” लिहिलं तर सभागृहातलं भाषण होतं. “मी बाई नाही का?” लिहिलं तर ती आपल्या ओट्याशी येऊन उभी राहते. मी दुसरंच घेईन.

आणि पुढचा हिशेब असा. तिकडे १९२० च्या घटनादुरुस्तीनं बायकांना मताचा हक्क मिळाला, पण दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय बायकांना तो खरोखर बजावता यायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. पुस्तकात मात्र एकच साल असतं.

ठाणे_स्लो

माफ करा, पण हे सगळं फाटे फोडणं वाटतं. कायदा बाईची जात बघून मिळत नाही. महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशात २००५ ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा मिळाला, तो हिंदू मुलींना. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. माझ्या बायकोला मिळाली. यात वरची-खालची कुठे आली? आधी सगळ्या जणी एक होऊ द्या, पोटभेद नंतर बघू.

भायखळा पूर्व

ठाणेकर, तुम्ही ‘बाईची जात’ लिहिलंत आणि नकळत चर्चेचं मूळच हातात दिलंत. “बाईच्या जातीला हे शोभत नाही”, “आपली बाईची जात, गप बसावं”. भाषेनं सगळ्या बायकांची मिळून एक जात करून ठेवली आहे, तीही गप्प बसवण्यापुरती. हक्क वाटायची वेळ आली की मात्र खरी जात विचारतात.

मालमत्तेत समान वाटा, कबूल. ज्या बापाकडे दहा बाय दहाची भाड्याची खोली आहे, त्याच्या मुलीनं कशाचा वाटा मागायचा? २६ आठवड्यांची रजा दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू आहे. तुमचं घर म्हणजे आस्थापना नाही, म्हणून तुमच्या बायकोच्या रजेत बाळाला तेल लावायला येणारी बाई स्वतः बाळंत झाली तेव्हा तिचं काम सुटलं असणार. रजा वाईट असं मी म्हणत नाही. एका बाईची रजा दुसरीच्या बिनरजेवर उभी राहते, एवढंच म्हणतेय.

उलटी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. कार्यालयातल्या लैंगिक छळाविरुद्धच्या विशाखा मार्गदर्शक तत्त्वांचं मूळ कुठे आहे? राजस्थानातल्या भंवरी देवी, कुंभार समाजातल्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तत्त्वं घालून दिली ती महिला संघटनांच्या अर्जावर, आणि २०१३ मध्ये कायदा झाला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतीत आज तक्रार समिती बसते ती भंवरी देवींमुळे. त्याआधी मथुरा नावाची, गडचिरोली भागातली आदिवासी मुलगी. पोलीस चौकीत अत्याचार १९७२ चा. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं, त्यावर मुंबईतल्या बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. दोघींच्या नावांवर कायदे पुढे गेले, त्यांच्या पदरात न्याय पडला नाही.

म्हणजे चळवळीनं काहीच केलं नाही हे खोटं, आणि सगळ्यांसाठी सारखं केलं हेही खोटं. ओझं तळमजल्यावरून उचललं गेलं आणि सामान वरच्या मजल्यावर लागलं. त्या २०१३ च्या कायद्यात घरकामगारही आहेत बरं का, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. लालबागची, पत्रकात शब्द कोणताही टाका, पण ही ओळ टाकाच.

आणि शब्दच हवा असेल तर मुक्ता साळवे यांच्याकडे जा. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी, १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा निबंध आला. मथळा ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’. मथळ्यात स्त्री नाहीच. आत मात्र घरावर छप्पर नसताना बाळंत होणारी बाई आहे, थंडीवाऱ्यात. जात, गरिबी आणि बाईपण तिला वेगवेगळं लिहावं लागलं नाही. तिला आंतरछेदिता शब्द माहीत असायचं कारण नव्हतं.

ठाणे_स्लो

तेल लावणाऱ्या बाईंचं आमच्याकडे खरंच तसंच झालं. त्यांच्या बाळंतपणानंतर आम्ही दुसरी लावली. (‘लावली’ लिहिताना आता हात अडखळला.)

चौथी सीट

‘बारबाला’ या शब्दाचंही कधीतरी बघा. २००५ ची डान्सबार बंदी आठवते? बंदीला विरोध करणाऱ्या संघटना म्हणत होत्या, बाईचा रोजगार हिरावू नका. काही दलित-बहुजन कार्यकर्त्या म्हणत होत्या, विशिष्ट जातींच्या बायकांनीच नाचायचं हा कसला रोजगार? दोन्हीकडे स्त्रीवाद. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी रद्द करणारा निकाल कायम ठेवला. वाद संपला असं मला वाटत नाही. कोशप्रेमींच्या पहिल्या अर्थानं वाद.

मुळाक्षर

इंटरसेक्शनॅलिटी राहिलंच. १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासकानं (अभ्यासिकेनं? हेही एकदा ठरवायला हवं) तो मांडला. आधारातला एक खटला जनरल मोटर्सवरचा. मंदीत ‘शेवटी आलेला आधी बाहेर’ या नियमानं कृष्णवर्णीय बायकांच्या नोकऱ्या गेल्या. १९७६ मध्ये न्यायालय म्हणालं, कंपनीत बायका आहेत, म्हणजे बाई म्हणून भेदभाव नाही. वंशाची तक्रार वेगळी करा, दोन्ही एकत्र करता येणार नाहीत. त्या ‘बायका’ कचेरीतल्या गोऱ्या होत्या. क्रेनशॉनी उपमा दिली ती रस्ते मिळतात त्या जागेची: तिथे उभ्या असलेल्या बाईला गाडी कुठल्याही बाजूनं येऊन लागू शकते. रस्ते मिळतात त्याला मुंबईत काय म्हणतात? नाका. ‘नाक्यावरचा अन्याय’ म्हणा की! सकाळी बिगारी कामासाठी उभ्या राहतात त्या बायकाही नाका कामगारच.

लालबागची

‘नाका’ मला इतका आवडला की काल संध्याकाळी तसाच घेऊन गेले. मावशीनं ऐकून घेतलं, गाड्यांची उपमा तिला लगेच कळली, “दोन्हीकडनं लागतंय” म्हणाली. मग शेजारची म्हणाली, “ताई, नाक्यावरची बाई म्हटल्यावर लोक काय समजतात ते तुम्हाला माहीत नाही का?” मला माहीत होतं. डोक्यात आलं नव्हतं. नाक्यावर उभा राहिला की पुरुष कामगार होतो, बाई उभी राहिली की तोच शब्द तिच्या अंगावर येतो.

तर ‘नाका’ कटाप. ‘आंतरछेदिता’ मी वाचूनच दाखवली नाही. स्थानिक समितीची ओळ घातली आहे, मोठ्या टाइपात. “मी बाई नाही का?” पण घेतलं, ते चौघींना पटलं. फक्त मावशीचं म्हणणं, मॅडमलाही पत्रक द्यायचं, मग बघू ती यात स्वतःला शोधते की नाही.

मथळ्याची जागा अजून कोरी आहे. छापखानावाला गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणालाय.