मरणशय्येवरची क्रुसाची खूण : लेखकाची हातचलाखी की कथेची गरज?

प्रश्न : पंचवटीकर

नाशिकमधील आमच्या लहानशा वाचनगटात गेल्या महिन्यात ईव्हलिन वॉ यांची 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' (१९४५) ही कादंबरी चर्चेला घेतली होती. बायको-मुले आणि धर्म या दोहोंकडे पाठ फिरवून वर्षानुवर्षे परदेशात राहिलेले लॉर्ड मार्चमेन मरण्यासाठी घरी परततात, भेटीस आलेल्या धर्मगुरूला एकदा माघारी पाठवतात आणि अगदी अखेरच्या घटकेला स्वतःच्या हाताने क्रुसाची खूण करतात. तोवर पुस्तकावर खूश असलेले निम्मे सभासद येथे बिथरले. वॉ स्वतः १९३० साली कॅथलिक झाले होते; तेव्हा ही खूण पात्राने केली नसून लेखकाने त्याचा हात धरून करवून घेतली, असे त्यांचे म्हणणे पडले. माझ्या घरी वारकरी संस्कार असल्यामुळे मला त्या जागी अजामिळ आठवला आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. मात्र ते समाधान जरा स्वस्तातले असावे अशी शंका आता येते. ख्रिस्ती परंपरेत न वाढलेल्या वाचकाने अशा प्रसंगाची पारख कोणत्या कसोटीवर करावी?

उत्तर : गंगाकाठ

अजामिळाची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण ती फार दूर नेऊ नये. त्याने हाक मारली ती मुलाला, नाव निघाले नारायणाचे आणि विष्णुदूत धावले; त्या हाकेत त्याचा हेतू नव्हता आणि तिच्यापायी दुसऱ्या कोणाचे काही गेलेही नाही. वॉ यांच्या प्रसंगात एक बारकावा आहे, जो आपल्या सभासदांच्या नजरेतून निसटला असावा. ही हकिकत सांगणारा चार्ल्स रायडर त्या वेळी अश्रद्ध आहे. धर्मगुरूने कपाळाला अंतिम संस्काराचे तेल लावल्यावर आजाऱ्याचा हात अचानक कपाळाकडे जातो, तेव्हा चार्ल्सला वाटते की म्हातारा आता ते तेल पुसून टाकणार. त्या क्षणापर्यंत दोन्ही शक्यता सारख्याच जिवंत ठेवल्या आहेत.

याहून मोठी गोष्ट पुढे घडते. लॉर्ड मार्चमेन यांची मुलगी ज्युलिया आणि चार्ल्स लग्न करणार होते. ती खूण पाहिल्यानंतर ज्युलिया त्याला सोडते, कारण घटस्फोटानंतरचे ते लग्न तिच्या धर्माला मान्य नाही. हातचलाखी करणारा लेखक श्रद्धेला बक्षीस देतो. येथे श्रद्धेपायी ठरलेले लग्न मोडते. माझी कसोटी एवढीच की दैवी कृपा कथेत शिरल्यावर पात्रांचे काय जाते ते पाहावे. काहीच जात नसेल, तर आपले सभासद बरोबर आहेत.

उत्तर : शरणपूरचा जुना रहिवासी

मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपुरात माझे बालपण गेले, म्हणून थोडे लिहितो. या कादंबऱ्यांवर मराठीत बोलताना पहिली अडचण शब्दांची येते. कॅथलिक माणूस 'मिस्सा' आणि 'फादर' म्हणतो, आम्ही प्रॉटेस्टंट 'उपासना' आणि 'पाळक' म्हणतो. हा भेद पुसला की कादंबरीतील निम्मा ताणही पुसला जातो. वॉ आणि ग्रॅहम ग्रीन हे दोघेही इंग्रज कादंबरीकार प्रौढपणी कॅथलिक झालेले असल्याने त्यांच्याकडे पाप, कबुली आणि संस्कार यांना न्यायालयाची धार आहे. मेरिलिन रॉबिन्सन यांच्या 'गिलिअड' (२००४) या अमेरिकी कादंबरीची हवा निराळी आहे. आयोवा राज्यातील लहान गावाचे ७६ वर्षांचे पाळक जॉन एम्स १९५६ साली आपल्या सात वर्षांच्या मुलासाठी एक लांबलचक पत्र लिहितात, एवढेच कथानक. त्यांच्या पाळक मित्राचा बिघडलेला मुलगा जॅक विचारतो, की काही माणसांचा नाश देवाने आधीच नेमून ठेवलेला असतो का. दोन्ही विद्वान वृद्ध पाळक चाचपडत राहतात, आणि माणूस बदलू शकतो हे सांगते एम्स यांची जेमतेम शिकलेली पत्नी. शेवटी बसथांब्यावर एम्स जॅकला आशीर्वाद देतात. ज्याच्यावर त्यांनी पुस्तकभर संशय घेतला, त्याच्याच डोक्यावर हात ठेवून. चमत्कार नाही, मरणशय्या नाही.

मला यात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा सूर ऐकू येतो. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, हे मान्य. पण नाशिकजवळच्या जलालपूरच्या, पुढे ख्रिस्ती झालेल्या या बाईने सोवळे-ओवळे सुटत जाण्याची कथा स्वयंपाकघरातून आणि स्वतःला हसत सांगितली आहे. नाशिककर वाचकाला 'गिलिअड'ची वाट तिथूनच सोपी पडावी.

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षिका

गंगाकाठ यांची कसोटी मला पटते, पण वाचनगटातील शंकेखोरांच्या बाजूनेही बोलायला हवे. ग्रीन यांच्या 'द एण्ड ऑफ द अफेअर' (१९५१) मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात प्रियकर मेला असे समजून सारा देवाला शब्द देते, की तो जगला तर मी त्याला सोडीन. तो जगतो. हा सरळ नवसच आहे. फरक इतकाच, की सप्तशृंगीच्या गडावर बोललेला नवस आपण नारळ आणि साडी वाहून फेडतो, आणि ज्याच्यासाठी बोललो तो माणूस आपल्यापाशी राहतो. साराला तोच माणूस द्यावा लागतो, तोही तिचा देवावर नीटसा विश्वास बसलेला नसताना. इतका भाग निर्दोष आहे.

तिच्या मृत्यूनंतर मात्र एका मुलाचे दुखणे बरे होते आणि एका निरीश्वरवाद्याच्या गालावरचा जन्मजात डाग नाहीसा होतो. तेथे लेखकाचा हात स्पष्ट दिसतो. ग्रीन यांनाही तो खुपला असला पाहिजे, कारण नंतरच्या आवृत्तीत त्यांनी तो डाग बदलून, नैसर्गिक कारणानेही बरा होऊ शकेल असा त्वचाविकार केला. म्हणजे आपल्या सभासदांची तक्रार वॉ यांच्याबाबत टिकत नसली, तरी तिची जात खोटी नाही.

प्रतिसाद : पंचवटीकर

आपणा तिघांचे आभार. तेल पुसण्याची ओळ मी पुन्हा काढून पाहिली. ती आहे, आणि आम्ही सर्वांनी ती ओलांडली होती. नवसाची तुलना गटात मांडणार आहे. शरणपूरच्या काकांना एक विनंती : पुढील महिन्यात 'गिलिअड' घेण्याचे ठरते आहे, तेव्हा आपण आलात तर 'पाळक' आणि 'फादर' यांतला घोळ तरी आमच्याकडून होणार नाही.