महिला मंडळात बचतीची पेटी असावी का?

पळसफूल
यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात 30-35 घरांच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नवं महिला मंडळ काढायचं, तर माझी मांडणी अशी. मंडळीच्या रजिस्टरातून बायकांची यादी काढा आणि दोघी-दोघींनी घरोघर जाऊन सांगा. उपासनेतल्या सूचनेवर कुणी येत नाही. पहिल्यांदा 10-12 जणी आल्या तरी पुष्कळ. दर मंगळवारी दुपारी 4 वाजता, 50 मिनिटं: 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली दोन गीतं, बायबलमधला एक उतारा, त्यावर बोलणं, प्रार्थनाविषय. महिन्यातून एकदा प्रत्येकीचे 100 रुपये पेटीत, त्यातूनच अडीअडचणीला कर्ज. पेटी नसली की चार-सहा सभांनंतर संख्या गळायला लागते. विरोध असेल तर कारण सांगा.

हिशेबनीस
विरोध आहे, आणि कारण साधं आहे. 12 जणींचे महिन्याला 1,200 जमतात. पाचव्या महिन्यात पेटीत 6,000 असतात आणि जूनमध्ये बियाण्यासाठी चौघी एकदम मागतात. दोघींना मिळतं, दोघींना नाही. ज्यांना मिळालं त्यांचा हप्ता चुकला की त्या सभेलाच यायचं टाळतात, मग रविवारीही मागच्या दाराशी बसतात. कर्जाचं तोंड चुकवताना प्रार्थनाही चुकते. शिवाय उमेदच्या (सरकारी अभियानाच्या) बचत गटात बहुतेक जणी आधीच आहेत. हा दुसरा हप्ता कुठून आणणार?

वेचणीवाली
पेटीचं मंग पाहू. आधी हे सांगा, दुपारी 4 ले कोन येते? दसऱ्यापासून पुढं कापूस वेचाले बाई सकाळीच वावरात जाते, दिवस बुडता घरी येते. किलोवर पैसे भेटते, तर अर्धा दिवस टाकून तुमच्याकडं काऊन येईन? जुलै-ऑगस्टात निंदन हाय, ऑक्टोबरात सोयाबीन. सभा ठेवा रात्री 8 ले, भाकरी झाल्यावर, अन् चर्चमध्ये नाही तं कोनाच्या अंगणात.

पळसफूल
रात्रीची वेळ मान्य. पण हिशेबनीस, कर्जाची गोष्ट तुम्ही एकतर्फी मांडलीत. गटात भांडण होतं ते पैशानं कमी आणि नोंद नसल्यानं जास्त. बचत गटाची पंचसूत्री काय सांगते? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाची नोंद. पाचवी गोष्ट ढिली पडली की बाकीच्या चार कोसळतात. आणि बायबलमध्ये पैशाचं काम वर्ज्य कुठं आहे? प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6: विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा वाटप बंद नाही केलं, माणसं नेमली.

हिशेबनीस
तोच अध्याय माझ्याही कामाचा आहे. सात जण वेगळे नेमले आणि प्रेषित प्रार्थना व वचनसेवेलाच राहिले. म्हणजे कामं वेगळी काढली! तिथं वाटप होतं, उधारी नव्हती. (येशूच्या शिष्यांची पैशाची थैली त्यातून चोरणाऱ्या यहूदाकडेच होती, तेही योहान 12 मध्ये वाचून घ्या.) माझी सूचना: पेटी ठेवा, पण द्यायची, उसनी द्यायची नाही. प्रत्येकीचे महिन्याला 20 रुपये. आजारपण, बाळंतपण, घरात मयत, एवढ्यालाच मदत, आणि रक्कम आधी ठरलेली, समजा 500. ती परत मागायची नाही, म्हणून तोंड चुकवायचं कारणच उरत नाही.

जुनी_वही
दोघंही पैशावर अडकलात. मंडळं बंद पडतात ती बहुतेक दुसऱ्याच दोन गोष्टींनी.

एक, अध्यक्षपद. पाळकीणबाई (चर्चच्या पाळकांच्या पत्नी) पदसिद्ध अध्यक्षा असतात आणि पाळकांची बदली झाली की वही, किल्ली, ओळखी सगळं त्यांच्याबरोबर जातं. त्यांना सल्लागार ठेवा. अध्यक्षा, सचिव, खजिनदार बायकांनीच निवडाव्यात, दोन वर्षांसाठी.

दोन, चहा. पहिलीकडे चहा-बिस्किट, दुसरीकडे पोहे, तिसरीकडे आलुबोंडे, आणि चौथी म्हणते, "आमच्याकडं नका ठेवू." ती घर लहान म्हणून नाही म्हणत, तेलाचा खर्च बघून म्हणते. पहिल्याच सभेत ठरवा: फक्त काळा चहा. हा नियम अध्यक्षेच्या घरीही लागू.

प्रार्थनाविषयांचंही तसंच. "अमकीच्या सुनेसाठी प्रार्थना करा" इथून चुगली सुरू होते. स्वतःचा विषय सांगा, दुसरीचा असेल तर तिला विचारून. वाचता न येणारीला उतारा नको, एक वचन तीनदा म्हणून पाठ करून द्या. गीताची दोनच कडवी घ्या, पण सगळ्यांना येणारी.

पेटी ठेवलीच तर कुलपं दोन, किल्ल्या दोघींकडे, आणि त्या दोघी जावा-जावा नकोत. वहीत चार रकाने: तारीख, नाव, जमा, सही किंवा अंगठा. पेटी उघडली की रक्कम मोठ्यानं वाचायची.

पळसफूल
पेटी देणगीची, हे आता पटतंय. पण वर्षभरानं मी पुन्हा बचतीचा मुद्दा काढणार. सुरुवात मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक प्रार्थना दिनाला करू. दरवर्षी वेगळ्या देशातल्या बायका ती उपासना लिहितात, 2026 ची नायजेरियातल्या बायकांची आहे. कापसाची घाई तोवर सरलेली असते.

वेचणीवाली
मार्चात हरभरा असते, तरी चालते. पेटी ठेवा का नका ठेवू, मंगळवार मात्र बदला. आमच्याकडं त्या दिवशी बाजार असते अन् फायनान्सवालाही त्याच दिवशी हप्ता मागाले येते.