'तारण' : झालं, होतंय की होईल?

आमच्या सोसायटीत दोन महिन्यांपासून एक सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्माचा प्रचार करणारे, येतात. मवाळ बोलतात, कुणी दार लावलं तरी चेहरा पडत नाही. गेल्या शनिवारी त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमचं तारण झालंय का?"

मी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर अकरा वर्षं काढली. माझ्या कानाला तारण म्हणजे गहाण ठेवलेल्या पाटल्या आणि त्यांची पावती. म्हणून त्यांना आत बसवलं आणि एकेक विचारत गेले.

तारण म्हणजे मोक्ष का? नाही म्हणाले. मोक्षात जन्ममरणाचा फेरा सुटतो, तारणात पापाची शिक्षा टळते आणि देवाशी तुटलेलं नातं जुळतं. तुमचा पंथ कोणता? "आम्ही कुठल्या पंथाचे नाही, फक्त विश्वासणारे." मग कॅथलिक लोकांचं तारण होतं का? जरा थांबून म्हणाले, "ज्यांनी प्रभूला स्वतःहून स्वीकारलं, त्यांचं." पण त्यांचा तर लहानपणीच बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती करून घेण्याचा विधी, झालेला असतो! यावर त्यांनी दिलेलं उत्तर डोक्यातून जात नाही: "तो त्यांनी घेतलेला नाही ताई, त्यांना दिलेला आहे."

बँकेतलं तारण आणि हे तारण, शब्द एकच का? आणि सगळे ख्रिस्ती लोक तो याच अर्थाने वापरतात का?

*

शब्द एकच. संस्कृतातल्या 'तॄ' धातूचा अर्थ पार होणं, तरून जाणं. तीर्थ, अवतार, उतारू हे सगळे त्याच घरातले. मराठीत कर्ज 'बुडतं', पैसे 'बुडतात'. ते बुडू नयेत म्हणून जी वस्तू ठेवायची ती तारण. 'देव तारी त्याला कोण मारी' यातही बुडणाऱ्याला वर काढणंच आहे. तेव्हा तुमच्या टेबलावरचा अर्थ परका समजू नका.

बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'सोतेरिया', क्रियापद 'सोझो'. वाचवणं, सुखरूप ठेवणं आणि आजाऱ्याला बरं करणं, तिन्ही त्यात येतं. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालताना बुडू लागतो आणि 'प्रभू, मला वाचव' म्हणून ओरडतो, तिथे हेच क्रियापद आहे. ज्याने कुणी त्यासाठी 'तारण' निवडलं त्याचा कान फार चांगला होता. 'मुक्ती'त साखळी तुटते, 'तारणा'त हात धरून काठावर आणलं जातं.

तुमच्या सुवार्तिकांना मात्र शब्दापेक्षा काळ विचारा. नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत हे क्रियापद तिन्ही काळांत येतं. इफिसकरांस 2:8 मध्ये तारण झालेलं आहे. 1 करिंथकरांस 1:18 मध्ये ते होत आहे. रोमकरांस 5:9 मध्ये व्हायचं आहे. ख्रिस्ती पंथांमधले कितीतरी वाद, यातला कुठला काळ मुख्य धरायचा यावरचे आहेत.

*

ताई, मी नगरचा, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. आमच्यात चर्चमधल्या लोकांना मंडळी म्हणतात आणि पास्टरला पाळकसाहेब. 'घेतला' आणि 'दिला' हा फरक तुम्ही बरोबर पकडलात. आमच्या घरी बोलतात, 'बाळाला बाप्तिस्मा दिला.' बॅप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल माणूस सांगतो, 'मी अमुक साली बाप्तिस्मा घेतला.' तान्हं मूल काही घेऊ शकत नाही, त्यामुळे एका क्रियापदावरून समोरच्याचं चर्च बरंचसं ओळखू येतं.

ग्रीक 'बाप्तिझो' म्हणजे बुडवणं. पाणी शिंपडायचं की माणसाला पूर्ण बुडवायचं, यावरून भांडण भाषांतरापर्यंत गेलं होतं. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांच्या बंगाली नव्या करारात 'बुडवणे' अशा अर्थाचा शब्द होता, म्हणून लंडनच्या बायबल सोसायटीने त्याला पैसे नाकारले. बॅप्टिस्टांनी मग 1840 साली भाषांतरासाठी वेगळी संस्थाच काढली. मराठीत ग्रीक शब्दच बाप्तिस्मा म्हणून ठेवल्यामुळे दोन्ही बाजूंना तो चालतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट आणि इतर मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बाळाचा आणि जाणत्याचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

'कुठल्या पंथाचे नाही' हे वाक्य मात्र मला पटत नाही. बाळाचा बाप्तिस्मा धरायचा नाही, ही स्वतंत्र शिकवण आहे आणि तिला चारशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्यांनी तो सांगायला हवा होता.

*

वसईहून लिहितेय. आम्ही कॅथलिक. आमच्याकडे बाप्तिस्म्याला स्नानसंस्कार म्हणतात, मंडळीला ख्रिस्तसभा, रविवारच्या उपासनेला मिस्सा. येशूला तारणारा म्हणतो, पण 'माझं तारण झालं' असं स्वतःबद्दल कुणी म्हणताना मी ऐकलं नाही. त्यामागे शिकवण आहे. आपलं शेवटचं तारण पक्कं झालंच, असं देवाने खास प्रकट केल्यावाचून कुणी ठामपणे सांगू नये, हे सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं. आम्ही आशा धरतो. आशा म्हणजे शंका नव्हे, हे त्या भाऊंना जरूर सांगा.

*

आज ते सुवार्तिक पुन्हा माझ्याकडे आले होते. मी त्यांना पंडिता रमाबाईंबद्दल विचारलं. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीवर तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून निकराने वाद घातला. खुद्द ख्रिस्त आपल्याला पुढे 1891च्या सुमारास सापडला, त्याआधी सापडला होता तो फक्त ख्रिस्ती धर्म, असं त्यांनीच नंतर लिहिलं. मग त्यांचं तारण कधी झालं? ते लगेच म्हणाले, "एक्क्याण्णवला." मी म्हटलं, वसईची माझी मैत्रीण त्र्याऐंशीपासून मोजेल आणि अजून चालू आहे म्हणेल. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तिन्ही काळांचे संदर्भ त्यांनी वहीत लिहून घेतले.

जाताना त्यांनी मार्क 10:45 वाचून दाखवलं: येशू आपला जीव पुष्कळांसाठी 'खंडणी' म्हणून द्यायला आला. आज खंडणी म्हटलं की गुंडांची बातमी आठवते. पण बँकेत पैसे भरून तारण 'सोडवतात', आणि इथेही किंमत भरून सोडवणंच आहे. नगरच्या दादांना विचारते: तुमच्याकडे उपदेशात अजून खंडणीच म्हणतात, की दुसरा शब्द आला आहे?