रात्री पावणेतीनला क्लबहाऊसमध्ये कोण बोलत होतं?

मनीषा बी-२०३ (२:४४)
क्लबहाऊसमध्ये कोण आहे???

मनीषा बी-२०३ (२:४५)
पुरुषाचा आवाज येतोय. मोठ्याने. बाळ उठलं.

मनीषा बी-२०३ (२:४७)
देसाईसाहेब फोन उचला प्लीज

पाटील वहिनी बी-३०१ (२:४९)
आम्हालाही येतोय. आधी लाईट गेली होती. ती आली आणि लगेच एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली, मग हा माणूस सुरू झाला. हे म्हणतायत खाली जाऊ नकोस. स्वतःही जात नाहीयेत.

साठे काकू ए-१०४ (२:५१)
क्लबहाऊसची चावी कोणाकडे आहे?

समीर सी-२०२ (२:५८)
न्यू जर्सीत संध्याकाळचे साडेपाच, त्यामुळे मी जागा आहे. सगळे जागेच आहेत तर विचारतो, माझ्या बाथरूमच्या गळतीचं काय झालं? फेब्रुवारीपासून तिसऱ्यांदा विचारतोय.

मनीषा बी-२०३ (२:५९)
समीर, आत्ता नको रे.

मनीषा बी-२०३ (३:०१)
तो म्हणतोय "पिंपळाखाली कोणीच नव्हतं". मी मस्करी करत नाहीये.

पाटील वहिनी बी-३०१ (३:०२)
रामरक्षा लावलीय मी.

अमेय बी-४०२ (३:०३)
वहिनी, वर दोन्ही एकदम ऐकू येतंय. चांगलं मिक्स झालंय.

देसाई (सेक्रेटरी) (३:०५)
आत्ता उठलो. शिंदेमामांना पाठवलंय.

देसाई (सेक्रेटरी) (३:०९)
मामा दारापर्यंत जाऊन परत आले. बाहेरून कुलूप आहे आणि आत माणूस बोलतोय म्हणाले. पुन्हा जाणार नाहीत.

साठे काकू ए-१०४ (३:१०)
म्हणूनच विचारते. चावी कोणाकडे आहे?

देसाई (सेक्रेटरी) (३:१३)
मीटर रूममधून क्लबहाऊसचा एमसीबी, म्हणजे लाईटचा मेन खटका, पाडायला लावला. बंद झालं का?

मनीषा बी-२०३ (३:१४)
झालं. पण ऐन वाक्यात. "विहिरीतून पुन्हा हाक आली, आणि या वेळी तिने" इथे तुटलं. आता मला झोप लागणार आहे का?

भोसले ए-३०१ (६:१५)
सुप्रभात. रात्रीचा प्रकार आत्ता वाचला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. काही घरांतली तरुण मंडळी क्लबहाऊस कशासाठी वापरतात हे मी गेल्या सभेत बोललो होतो. तेव्हा हसण्यावारी नेलंत.

अमेय बी-४०२ (६:३१)
काका, गच्चीवरचा ३१ डिसेंबर किती डेसिबल होता?

भोसले ए-३०१ (६:३२)
त्याची रीतसर परवानगी होती.

अमेय बी-४०२ (६:३२)
कोणाची?

भोसले ए-३०१ (६:३४)
हा मेसेज डिलीट केला आहे

साठे काकू ए-१०४ (६:४०)
सगळं झालं, चावीचं कोणीच बोलत नाही.

पाटील वहिनी बी-३०१ (७:०४)
बी विंगला पाणी नाही 🙏

मनीषा बी-२०३ (७:०६)
आता हेही!

देसाई (सेक्रेटरी) (७:१२)
पंपाचा स्टार्टर त्याच एमसीबीवर आहे, लक्षात आलं नाही. मामांची ड्युटी संपली. दिवसाच्या वॉचमनला वर करायला सांगतो.

रोहन सी-५०१ (७:१४)
थांबा. आत्ता उठून सगळं वाचलं. पाटील वहिनी, ती इंग्रजी बोलणारी बाई "ब्लूटूथ" असं काही म्हणाली का?

पाटील वहिनी बी-३०१ (७:१५)
हो बहुतेक! पण तुला कसं कळलं? तूच होतास का?

रोहन सी-५०१ (७:१६)
मी नाही. ती बाई म्हणजे आपला ट्रॉली स्पीकर. त्याचं मागचं बटण कायम चालू असतं आणि प्लग भिंतीत. लाईट आली की तो आपोआप जागा होतो, तोंडाने "ब्लूटूथ" म्हणतो आणि ओळखीचा फोन शोधायला लागतो. देसाईकाका, आधी त्याचा प्लग काढा, मग एमसीबी वर करा.

साठे काकू ए-१०४ (७:१६)
प्लग काढायला आत जावं लागेल. चावी कोणाकडे आहे?

देसाई (सेक्रेटरी) (७:१७)
एमसीबी वर केला. पाणी येईल.

रोहन सी-५०१ (७:१७)
😐

मनीषा बी-२०३ (७:१९)
क्लबहाऊसमध्ये अथर्वशीर्ष सुरू झालंय.

पाटील वहिनी बी-३०१ (७:१९)
चला, भूत सुधारलं.

गोखले काका बी-१०२ (७:२१)
सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार. रात्री मला गाढ झोप लागली होती, त्यामुळे आपल्याला झालेला त्रास आत्ताच समजला. असे प्रकार निषेधार्ह आहेत. एक वैयक्तिक अडचण : माझा मोबाईल अचानक मुका झाला आहे. अथर्वशीर्ष लावले आहे, आकडे पुढे सरकत आहेत, परंतु आवाज नाही. रोहन, सवडीने येऊन जाशील का?

अमेय बी-४०२ (७:२१)
😂😂😂😂

गोखले काका बी-१०२ (७:२३)
यात हसण्यासारखे काय आहे?

रोहन सी-५०१ (७:२४)
काका, तुमचा फोन मुका नाही झाला. त्याचा आवाज खाली क्लबहाऊसमध्ये निघतोय. आता पॉज करून बघा.

मनीषा बी-२०३ (७:२५)
थांबलं.

गोखले काका बी-१०२ (७:२८)
हे आत्ताचे झाले. रात्रीचा माझा काही संबंध नाही. मी दहाला मोबाईल बंद करूनच झोपतो.

रोहन सी-५०१ (७:२८)
बंद म्हणजे नक्की काय करता?

गोखले काका बी-१०२ (७:२९)
मधले गोल बटण दाबतो. ॲप जाते. मग उशीखाली ठेवतो.

रोहन सी-५०१ (७:३३)
जात नाही काका. गोल बटण दाबणं म्हणजे नुसता पडदा पाडणं, आत नाटक चालूच असतं. ऐकण्याची ॲप मुद्दाम तशी बनवतात, नाहीतर गाणं चालू ठेवून हा ग्रुप उघडता आला नसता. थांबवायचं तर वरून पट्टी खाली ओढायची, तिथे जे वाजतंय त्याचा चौकोन दिसतो, त्यातलं दोन उभ्या रेघांचं बटण दाबायचं. स्क्रीन लॉक असली तरी तोच चौकोन दिसतो.

गोखले काका बी-१०२ (७:३५)
पण आधी तर दहा मिनिटांत आपोआप थांबायचे! तेच बरे होते.

रोहन सी-५०१ (७:३७)
थांबायचं म्हणून तुम्हीच मला बोलावलंत, पाडव्याच्या आधी. तुमचा फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप मारायचा. मी त्या ॲपचं बॅटरी सेटिंग "अनरिस्ट्रिक्टेड" करून दिलं. तेव्हापासून ते रात्रभर चालू शकतं, लावलेलं संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

भोसले ए-३०१ (७:३८)
म्हणजे रोहनने केलं.

रोहन सी-५०१ (७:३८)
वा. धन्यवाद.

भोसले ए-३०१ (७:४१)
गोखलेंनी मान्य करावं एवढंच म्हणणं आहे. पार्किंगच्या वेळीही पुरावा दाखवेपर्यंत मान्य केलं नव्हतं.

गोखले काका बी-१०२ (७:४४)
पार्किंगचा विषय संपलेला आहे. रात्रीचा पुरावा असल्यास सादर करावा.

रोहन सी-५०१ (७:४६)
पुरावा तुमच्याच फोनमध्ये असेल काका. ब्लूटूथ तुटलं की बहुतेक ॲप आपोआप पॉज होतात, म्हणजे बसमध्ये हेडफोन निघाला तर सगळ्यांना गाणं ऐकायला लागत नाही. रात्री मामांनी लाईट पाडली तेव्हा स्पीकर तुटला, म्हणजे तुमचं ॲपही तिथेच थांबलं असणार. रात्री लावलेलं जे काही होतं ते उघडा, थोडं मागे घ्या आणि ऐका.

पाटील वहिनी बी-३०१ (७:४७)
सीआयडी 😄

गोखले काका बी-१०२ (७:५४)
४१ मिनिटे १७ सेकंदांवर थांबले आहे. "विहिरीतून पुन्हा हाक आली, आणि या वेळी तिने". वाजत मात्र खालीच आहे, मी खिडकीतून ऐकले.

मनीषा बी-२०३ (७:५४)
हेच!! शब्दन् शब्द!!

अमेय बी-४०२ (७:५५)
काका तुम्ही रात्री भुताच्या गोष्टी ऐकता??

गोखले काका बी-१०२ (७:५६)
भुताची नाही. गूढकथा आहे. फरक आहे.

भोसले ए-३०१ (७:५८)
वॉचमनला विचारा फरक.

गोखले काका बी-१०२ (८:०३)
माझी चूक झाली. मनीषा, बाळाची झोप मोडली, वाईट वाटले. परंतु मी आवाज अगदी बारीक ठेवतो, शेजारच्या खोलीत हिलाही जात नाही. खाली एवढा मोठा कसा झाला?

रोहन सी-५०१ (८:०६)
स्पीकरला स्वतःचं वेगळं बटण आहे ना, ते फुल होतं. रविवारी कराओके कोणाचं होतं?

अमेय बी-४०२ (८:०६)
@भोसले ए-३०१

अमेय बी-४०२ (८:१५)
@भोसले ए-३०१ काका ४५ डेसिबल 🙏

भोसले ए-३०१ (८:२२)
मी ऑफिसला निघालोय. गाडी चालवतोय.

पाटील वहिनी बी-३०१ (८:२५)
पण रोहन, इतक्या जणांनी तो स्पीकर जोडलाय, मग काकांचाच फोन का?

रोहन सी-५०१ (८:२८)
ब्लूटूथ साधारण दहा मीटर जातं. बी-१०२ बरोबर क्लबहाऊसच्या डोक्यावर आहे, मध्ये एक स्लॅब. आणि पाडव्याची सनई काकांच्याच फोनवरून लावली होती, त्यामुळे स्पीकरला त्यांची ओळख आहे. भोसलेकाकांचा फोन ए विंगमध्ये, लांब. चालू फोनला नवा स्पीकर सापडला की आवाज उशीखालून उठून तिकडे जातो. काकांना उलट शांतच वाटलं असेल.

गोखले काका बी-१०२ (८:२९)
फार छान झोप लागली होती.

पाटील वहिनी बी-३०१ (८:३३)
माझं सगळं उलटं आहे बाई. स्वयंपाक करताना यूट्यूबवर अभंग लावते, स्क्रीन काळी झाली की अभंग बंद. कणकेचे हात लावून लावून फोन बघा कसा झालाय. मलाही ते अनरिस्ट्रिक्टेड करून दे.

रोहन सी-५०१ (८:३५)
त्याने नाही होणार वहिनी. यूट्यूबचा तो नियमच आहे. स्क्रीन बंद करून ऐकायचं तर प्रीमियम लागतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये महिन्याचे १२९ चे १४९ झाले. नुसत्या गाण्यांच्या आणि रेडिओच्या बऱ्याच ॲपना ही अट नसते. अभंग तिथेही मिळतील.

अमेय बी-४०२ (८:३६)
किंवा काकांच्या खालच्या मजल्यावर स्वयंपाक करा. फुकट.

पाटील वहिनी बी-३०१ (८:३९)
आणि ह्यांचं विचारायचं होतं. गाडीत मॅपवाली बाई बोलली की गाणं हळू होतं, फोन आला की थांबतंच. हे म्हणतात फोन बिघडलाय, नवीन घ्यायचा. मला शंका आहे की नुसतं निमित्त आहे.

रोहन सी-५०१ (८:४२)
शंका बरोबर आहे, फोन ठणठणीत आहे. आवाजाचा हक्क एका वेळी एका ॲपकडे असतो. दुसऱ्याला थोडंसं बोलायचं असेल तर पहिलं आवाज खाली घेतं. त्याला बराच वेळ हवा असेल तर पहिलं गप्प बसतं.

अमेय बी-४०२ (८:४३)
म्हणजे आपल्या वार्षिक सभेपेक्षा शिस्त आहे.

देसाई (सेक्रेटरी) (८:४५)
अमेय, सभेला एकदा येऊन दाखव, मग बोल.

समीर सी-२०२ (८:४७)
सगळे ऑनलाईन आहात म्हणून. गळती?

देसाई (सेक्रेटरी) (८:५०)
समीर, प्लंबर दोनदा येऊन गेला, तुझे भाडेकरू दार उघडत नाहीत. हे मी तुला वेगळं कळवलं होतं. सारखं ग्रुपवर टाकायची गरज नाही 🙏

समीर सी-२०२ (८:५१)
ओके. गरज होती म्हणूनच टाकलं 🙏

मनीषा बी-२०३ (८:५५)
रोहन, मूळ मुद्दा. आज रात्री पुन्हा लाईट गेली तर?

रोहन सी-५०१ (९:०२)
काका, दोन कामं करा. पहिलं, फोनच्या ब्लूटूथच्या यादीत तो स्पीकर असेल, त्यावर जाऊन "फर्गेट" करा. मग तो तुम्हाला ओळखणार नाही. दुसरं, तुमच्या ॲपमध्ये स्लीप टायमर आहे, चंद्राचं चित्र. अर्ध्या तासाचा लावला की गोष्ट आपली आपण थांबेल, बॅटरीचं सेटिंग आहे तसंच राहू दे. आयफोनवाल्यांनी घड्याळात टायमर लावायचा आणि वाजायच्या सुरांच्या यादीत अगदी तळाला "स्टॉप प्लेइंग" निवडायचं, कुठलंही ॲप असो, गप्प होतं.
आणि ॲप वर सरकवून फेकलं म्हणजे बंद झालं असं कोणीच समजू नका. काही ॲप बंद होतात, काही वाजतच राहतात. आधी पॉज.

गोखले काका बी-१०२ (९:१५)
फर्गेट केले. चंद्रही सापडला. रोहन, पोरा, संध्याकाळी ये. आंबा बर्फी आहे.

अमेय बी-४०२ (९:१५)
मीही पुरावा गोळा करायला मदत केली होती काका.

देसाई (सेक्रेटरी) (९:२०)
विषय संपला असं समजतो. यापुढे स्पीकर वापरल्यावर बटण बंद, प्लग बाहेर, आवाज शून्यावर. तशी पाटी लावतो.

मनीषा बी-२०३ (९:३१)
विषय संपलेला नाही. काका, या वेळी तिने काय केलं?

गोखले काका बी-१०२ (९:३३)
कोणी?

मनीषा बी-२०३ (९:३३)
विहिरीतल्या बाईने!

गोखले काका बी-१०२ (९:३६)
मला कल्पना नाही. मी पहिल्या पाच मिनिटांत झोपतो. महिनाभर तीच गोष्ट लावतो आहे.

पाटील वहिनी बी-३०१ (९:३७)
अहो असं काय! आम्ही पण तिथपर्यंतच ऐकलंय.

देसाई (सेक्रेटरी) (९:४१)
शिंदेमामांचा घरून फोन आला होता. रात्रपाळीला येतो म्हणाले, पण पुढे काय झालं ते आधी कळायला हवं.

गोखले काका बी-१०२ (९:४८)
सर्वांची इच्छा असल्यास आज रात्री साडेनऊला क्लबहाऊसमध्ये जमूया. पहिल्यापासून लावतो. दहाच्या आत संपणार नाही, तेव्हा दोन भागांत ऐकावे लागेल. स्पीकर पुन्हा जोडावा लागेल, रोहन, तेवढे बघ.

अमेय बी-४०२ (९:४९)
येतोय.

मनीषा बी-२०३ (९:४९)
मीही. बाळाला घेऊन. त्यालाही कळायला हवं कशासाठी उठवलं होतं.

भोसले ए-३०१ (९:५३)
आवाज मर्यादेत असेल तर हरकत नाही. मीही येईन.

साठे काकू ए-१०४ (९:५४)
चावी कोणाकडे आहे?