बांधावरच्या फांद्या आणि जळणासाठी बॅटरीवरची करवत घ्यावी का?

पन्हाळा_पायथा:
नमस्कार. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमची थोडी शेती असून बांधावर सुबाभूळ, निलगिरी, आंबा आणि जुने फणस आहेत. पावसाळ्यात वाऱ्याने मोडलेल्या फांद्या वाटेवर पडतात आणि गावातला कटरवाला मोकळा होईपर्यंत बैलगाडीसुद्धा जात नाही. वडिलांचा कल पेट्रोलच्या मशीनकडे आहे. मला मात्र महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या यंत्रासाठी तेल-पेट्रोलचे मिश्रण करणे आणि दर वेळी कार्बोरेटर साफ करणे नको वाटते. दुकानात १८, २० आणि ३६ व्होल्ट अशी यंत्रे दाखवतात. यांतील कोणते घ्यावे, साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी किती इंचाची असावी आणि एक बॅटरी पुरेल का, हे जाणकारांनी सांगावे.

कागलचा_सुतार:
आपले काम पाहता बॅटरीची करवत योग्य ठरेल, पण नुसत्या व्होल्टच्या आकड्यावरून निवड करू नये. '१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट' या बॅटऱ्या बहुधा एकाच विद्युतदाबाच्या असतात. दोन्हींत लिथियम-आयनचे पाच सेल एकसर जोडलेले असतात आणि एक कंपनी वापरातला सरासरी दाब छापते, तर दुसरी पूर्ण भरलेल्या बॅटरीचा. खरा हिशेब व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांच्या गुणाकाराचा आहे. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर, आणि ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे १८०. जाड लाकडात करवत १२०० वॅट ओढते असे धरले, तर १८० वॅट-अवरची बॅटरी सलग नऊ मिनिटे चालेल. हे ऐकायला फार कमी वाटते. परंतु कामाचा बहुतेक वेळ फांदी ओढण्यात, तिला टेकू देण्यात आणि तुकडे बाजूला टाकण्यात जातो, प्रत्यक्ष बटण दाबलेला वेळ थोडाच असतो, म्हणून एका बॅटरीवर वाट मोकळी होण्याइतके काम होते. तरीही दुसरी बॅटरी घ्यावीच. घरात ड्रिल किंवा ग्राइंडर बॅटरीचा असेल तर त्याच कंपनीची करवत पाहावी. बॅटरीचा खर्च वाचतो.

माझे मत ३६ व्होल्ट आणि १२ किंवा १४ इंची पट्टी असे आहे. पट्टी लांब घेतली की साखळीचा घर्षणभार वाढतो आणि बॅटरी लवकर उतरते. एका हातात धरायच्या चार-सहा इंची छोट्या करवती छाटणीपुरत्याच आहेत. वाळलेल्या बाभळीचे ओंडके दिवसभर फोडायचे असतील, तर मात्र वडिलांचे म्हणणे बरोबर आहे.

उद्यमनगर_मिस्त्री:
दुरुस्तीला येणाऱ्या बॅटरीच्या करवतींत मोटर बिघडलेली क्वचितच असते. बोथट साखळीने आणि कोरड्या पट्टीने हैराण झालेली यंत्रेच जास्त येतात. बॅटरीच्या यंत्राकडे पेट्रोलच्या इंजिनाइतकी शक्ती राखीव नसते, त्यामुळे धार गेली की ते लगेच दम सोडते आणि मालक बॅटरीला दोष देतो. भुशाकडे पाहावे: धार चांगली असेल तर जाडसर कीस पडतो, पिठासारखा बारीक भुसा पडू लागला आणि यंत्र दाबावे लागले, की काम थांबवून कानस हातात घ्यावी. लहान करवतींना बहुधा ३/८ इंच लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या दातांची) साखळी असते आणि तिला ४ मिमी व्यासाची गोल कानस लागते. तरी पुस्तिकेतील माप पाहूनच घ्यावी. दाताच्या पातीवर साधारण ३० अंशांचा कोन ठेवावा, प्रत्येक दाताला सारखेच घाव द्यावेत आणि कानस फक्त पुढे ढकलताना दाबावी.

जमिनीवर पडलेली फांदी मातीला टेकलेली असताना कधीही आरपार कापू नये. मातीला साखळी एकदा घासली तरी धार जाते. खाली ओंडका सरकवून ती उचलून घ्यावी. पट्टीला तेल पेट्रोलच्या करवतीइतकेच लागते, म्हणून टाकी प्रत्येक बॅटरीबरोबर तपासावी. गाडीचे जळके तेल मात्र टाकू नये. त्यातील धातूचे कण पंप आणि पट्टी खातात. नवी साखळी सुरुवातीला ताणते, तेव्हा ती थंड असताना ताण पुन्हा बसवावा.

पन्हाळा_पायथा:
दोघांचेही मनापासून आभार. पावसाळ्यातच अधिक वापर होणार, तर भिजण्याची आणि बॅटरी सांभाळण्याची काळजी कशी घ्यावी? आणि ही यंत्रे पेट्रोलपेक्षा कमी धोक्याची असतात का?

राधानगरीकर:
धोका कमी नाही. पेट्रोलचे इंजिन आवाजाने सावध करते. इथे बटण दाबताच साखळी धावते आणि सोडल्यावरही क्षणभर फिरत राहते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून तोंडावर येते, म्हणून दोन्ही हातांनी धरावी, खांद्याच्या वर न्यावी लागेल अशी फांदी सोडून द्यावी आणि शिडीवर चढून अजिबात कापू नये. साखळीला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढावीच. वाऱ्याने वाकून अडकलेल्या फांदीत मोठा ताण साठलेला असतो. तिची दाबलेली बाजू आधी थोडी कापून मगच ताणलेली बाजू कापावी, नाहीतर ती फटकन सुटते. तारेला टेकलेल्या फांदीला हात न लावता महावितरणला कळवावे.

जोराच्या पावसात काम थांबवावे. यंत्र पुसून कोरडे ठेवावे आणि बॅटरी घरात न्यावी. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ती ठेवू नये. कापून आल्यावर बॅटरी गरम असते, ती निवल्यावर चार्जरला लावावी. बराच काळ वापर नसेल तर ती निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवली तर आयुष्य घटते.

आंबा किंवा फणस मुळापासून तोडायचा विचार असेल तर आधी परवानगी काढा. १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ही दोन्ही झाडे आहेत, मग ती स्वतःच्या बांधावर का असेनात.