सुट्टीच्या आधीचे ते चार दिवस : तुमचा वर्ग कसा असतो?

परवा दुसरीला वजाबाकी घेत होते. "आठातून तीन गेले, राहिले किती?" मागून आरोळी आली, "पाच! बाई, गणपतीला पण पाचच राहिले!" उत्तर बरोबर, त्यामुळे रागवायचीही सोय नाही. त्यानंतर तासच संपला. मुंबईहून कोणाचा काका कधी येणार, मखराचा रंग कोणता, एवढंच. आमची रत्नागिरीकडची दोनशिक्षकी शाळा. इथे मूर्ती घडतात त्या जागेलाही 'गणपतीची शाळा' म्हणतात, आणि श्रावण-भाद्रपदात मुलांना तीच खरी शाळा वाटते. तुम्ही काय करता? यशस्वी उपायच हवेत असं नाही, फसलेलेही लिहा.

*

फसलेलाच लिहितो. नागपूरजवळ पहिलीचा वर्ग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी नंदी सजवून पोरं घरोघर फिरतात. पहिल्या वर्षी मी फर्मान काढलं, नंदी शाळेत आणायचा नाही. एकाने दप्तरात लपवून आणला. कविता चालू असताना बाकाखालून चाकांचा खडखडाट, आणि अख्खा वर्ग खाली वाकलेला!
पुढच्या वर्षी व्हरांड्यात खडूने गोठा आखला. सगळे नंदी तिथे बांधायचे, मग त्यांची मोजणी, वितीने उंची, लहानापासून मोठ्यापर्यंत रांग. गणिताचे दोन तास छान गेले. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सगळी गर्दी एका मोठ्या, महागड्या नंदीभोवती, आणि ज्यांच्याकडे नंदीच नाही ती दोन पोरं नळावर पाणी पीत उभी. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. आता नंदी घरी, शाळेत सगळ्यांचे मातीचे बैल. काही बैल डुकरासारखे दिसतात, चालतं.

*

मी पाढे लिहायला लावायचे. वर्ग गप्प बसला नाही, माझा घसा मात्र बसला.

*

बीड जिल्हा, तिसरी-चौथी एकत्र. आमच्याकडे दिवाळीची धमाल सगळ्यांचीच नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्याकडे निघतात. काही मुलं आईबापांबरोबर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. बाकीचे "फटाके, फटाके" करत असताना ही मुलं गप्प. एकदा 'दिवाळीत मी काय करणार' लिहायला दिलं होतं. एका मुलीने फक्त 'गाडी येणार' लिहिलं. तो विषय मी परत दिला नाही.
आता सुट्टीच्या आठवडाभर आधीच शाळेच्या आवारात किल्ला करतो. दंगा करणाऱ्यांना दगड-माती वाहायला लावायची, त्यांची रग तिथेच जिरते. गप्प मुलांकडे अळीव पेरणं आणि पाणी शिंपडणं. तीन-चार दिवसांत हिरवं दिसायला लागतं. जाणाऱ्यांनाही आपला किल्ला बघून जाता येतं. आधी पेरा, शेवटच्या दिवशी पेरून उपयोग नाही.

*

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. हॅलोविननंतरचा रविवार म्हणजे खिशात गोळ्या आणि डोक्यात साखर. मी सांगितलं, जेवढ्या गोळ्या मराठीत मोजाल तेवढ्याच आज तुमच्या. एकोणतीसपाशी सगळे अडकले. पुढचा अर्धा तास 'एकोणतीस की एकोणचाळीस' यावर कडाक्याचं भांडण, तेही बहुतांशी मराठीत!

*

धागाकर्ती : मातीचे बैल वाचून धीर आला. काल मधल्या सुट्टीनंतर मुलांना गणपतीच्या शाळेतच घेऊन गेले. मूर्तिकारांनी एकच अट घातली, हात पाठीमागे. डोळ्यांची आखणी चालली होती. एकवीस मुलं, अर्धा तास, एकदाही "बाई, पाणी" नाही, "बाई, हा मारतो" नाही. कुंचला उचलला की सगळ्यांचा श्वास सुटायचा, टेकला की पुन्हा थांबायचा. वाटेत एकाने माझा पदर ओढून विचारलं, "बाई, उद्या पण ह्याच शाळेत यायचं ना?"